बोटाखाली झाकला जाणारा देश

वारंगा फाट्यावर माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरं काम नसतं. मग भिंतीवरचा निळ्या टोपीतला माझा फोटो पाहून तो हमखास विचारतो, "मेजर, लढाई किती पाहिली?" मी रिटायर झालो हवालदार म्हणून, पण आमच्याकडे पलटणीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच! मी सांगतो, "लढाई न्हाई पाहिली बाबा. लढाई होऊ नये म्हणून बसलेली माणसं पाहिली." मग किस्सा निघतो. एका पंक्चरला एक. टायर ट्रॅक्टरचा असला तर दोन! आणि एक सांगावा तर त्याच्याखालून दुसरा निघतो, संपायचं नावच नाही.

बहुतेक किस्से एकाच माणसाचे. सार्जंट सेरू, देश फिजी.

सीरिया आणि इस्रायलच्या मध्ये गोलनच्या डोंगरात एक पट्टी आहे, तिथे संयुक्त राष्ट्रांची, निळ्या टोपीची शांतिसेना बसलेली असते. आम्हा भारतीयांकडे रसद होती, म्हणजे पीठ, पाणी, डिझेल पोचवायचं काम. चौक्यांवर पहाऱ्याला फिजीचे जवान. मी ट्रकवर ड्रायव्हर. एका चौकीचा प्रमुख हा सेरू.

०००

पहिल्या दिवशी ट्रक घेऊन गेलो, तर दारात सहा फूट उंच, दरवाज्याएवढा रुंद गडी उभा. डोक्यावर दाट कुरळे केस. आता याच्याशी इंग्रजीत काय बोलावं, म्हणून मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "कैसे है? खाना खाया?"

मी उडालोच! म्हटलं, तू हिंदी कुठं शिकलास? तो म्हणाला, त्यांच्या बेटावर ऊस तोडायला इंग्रजांनी आपली माणसं जहाजानं नेली होती. ती तिथलीच झाली, आणि त्यांची बोली सगळ्यांच्या तोंडी बसली.

मला भरून आलं. मी आपल्या हिंगोलीच्या हिंदीत सुरू झालो, "मैं गाडी लेके आ रया था ना, तो रस्ते में बहुत तकलीफ हुई, बराबर बोर्डच नई लगेले..."

त्यानं शांतपणे सगळं ऐकलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फिकर नई करो. तुमार हिंदी धीरे-धीरे सुधर जाई!"

०००

आमच्या छावणीत भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यात मी फिजी शोधायला लागलो. सापडला, पण बोट ठेवलं की अख्खा देश बोटाखाली झाकला जायचा.

मी सेरूला म्हणालो, "तुमच्या सगळ्या देशात आमच्या एका जिल्ह्याएवढीही माणसं नाहीत. मग दुसऱ्यांची भांडणं मिटवायला एवढ्या लांब कशाला येता?"

तो म्हणाला, त्याचा बाप लेबनॉनला होता, चुलता सिनाईच्या वाळवंटात. गावात दोनच कामं, ऊस नाहीतर शांतिसेना. पगार लागतो, हेही त्यानं लपवलं नाही. मग म्हणाला, "बड़ा देस वाला आवे तो लोग सोचे, इसको क्या चाहिए? तेल चाहिए? जमीन चाहिए? हम आवे तो कोई नई सोचे. छोटा आदमी बीच में बैठे तो किसी को डर नई लगे."



०००

एकदा दोन मेंढपाळ भांडत चौकीवर आले. दोन वेगळ्या गावांचे. कळपातल्या तीन बकऱ्यांवर दोघांचा दावा. तिकडे अशा भांडणात बंदूक निघायला वेळ लागत नाही, आणि मग दोन्ही गावं उठतात.

सेरूनं चटई अंथरली. दोघांना बसवलं. घरून आणलेली कावाची पूड पाण्यात कालवली. हे एका झाडाचं मूळ असतं. दिसायला चिखलाचं पाणी, आणि प्यायलं की जीभ बधिर! मी एकदा प्यायलो होतो, तासभर मला 'हवालदार' म्हणता येत नव्हतं.

एकेक वाटी झाली. मग सेरू काहीच बोलेना. एकाची कैफियत ऐकायची, मान हलवायची. मग दुसऱ्याची ऐकायची, मान हलवायची. मी ट्रक रिकामा केला, चाकांची हवा पाहिली, डबा खाल्ला. तरी यांचं चालूच! ऊन कलायला लागलं तसा मी चिडलो. म्हटलं, "सेरू, काही तरी निकाल दे की!"

त्यानं नुसतं हनुवटीनं दाखवलं. घरी जायची वेळ झाली तशा बकऱ्या आपापल्या वाटेला लागल्या होत्या. दोन एका गावाकडे, एक दुसऱ्या गावाकडे. दोघे मेंढपाळ बघतच राहिले, आणि निमूट आपापल्या बकऱ्यांमागे गेले.

सेरू चटई गुंडाळत म्हणाला, "बकरी झूठ नई बोले."

०००

सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही. एकदा चौकीच्या थोडं अलीकडे माझा ट्रक बंदूकवाल्यांनी अडवला. पाच-सहा जण. त्यांचा म्होरक्या तिशीतला, डोळे तांबारलेले. त्यानं बंदूक माझ्या दाराला लावली आणि हातानं खूण केली, उतर. मी स्टिअरिंग धरूनच बसलो. डोळ्यांसमोर माझं गाव डोंगरकडा, तिथलं घर आलं, लेकरं आली.

चौकीवरून सेरू चालत आला. एकटा, हातात काही नाही. आला आणि ट्रकसमोर रस्त्यातच मांडी घालून बसला!

म्होरक्या ओरडला. सेरू आपल्या तोडक्या अरबीत काहीतरी म्हणाला. तो पुन्हा ओरडला. सेरू पुन्हा तेच म्हणाला, त्याच आवाजात. असं किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी म्होरक्याचा आवाज बसला. त्यानं पिठाच्या एका पोत्याकडे बोट दाखवलं, एवढं दे आणि जा. मी तर दहा पोती द्यायला तयार होतो! पण सेरूनं मान हलवली, नाही.

अखेर ते बाजूला झाले. ट्रक चौकीवर लागल्यावर मी विचारलं, "तू सारखं काय म्हणत होतास?"

"हम बोला, ये हमार लड़का लोग के खाना है. तुमार लड़का लोग के खाना भी कोई लावत होई. उसको हम रोके तो?"

"अन् एक पोतं काहून नाही दिलं?"

"आज तुम देगा, कल दूसरा ड्राइवर के जान जाई." मग हसून म्हणाला, "हम उसको बोला, भूख लगे तो चौकी पे आओ, साथ में खाओ."

त्याच आठवड्यात तो म्होरक्या खरंच आला. बंदूक दाराबाहेर ठेवून पोटभर जेवला.

०००

गावी आल्यावर डोंगरकड्यातले दोन चुलतभाऊ, विठ्ठल आणि दत्ता, माझ्याकडे आले. केळीला पाणी द्यायचं, विहीर एक, आणि पाळीवरून डोकी फुटायची वेळ आलेली. "मेजर, तुमी परदेशातली भांडणं मिटवून राहिले. आमचं बी बघा."

मी लिंबाखाली चटई टाकली. दोघे आले आणि पाठीला पाठ लावून बसले. मी सेरूसारखा गप्प. ते बोलले की मी मान हलवायचो. असा तास गेला. विठ्ठल म्हणाला, "तुमी काई बोलून काहून नाही राहिले?" मी मान हलवली.

शेवटी दत्ता उठला, धोतर झटकलं आणि भावाला म्हणाला, "चल रे विठ्ठल. ह्या माणसाला काईच येत न्हाई. आपलं आपणच बघू!"

दोघे बरोबर विहिरीकडे गेले. पाळी लागली. मला गावात अजून कोणी भांडण मिटवायला बोलावत नाही!

०००

तिकडे गोलनवर माझी परतीची तारीख लागली होती, तेव्हाची गोष्ट. शेवटचा ट्रक रिकामा करून सेरू आणि मी चौकीच्या पायरीवर बसलो होतो. मी सहज म्हणालो, "तुझ्या गावात भांडणं होतच नसतील."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग सांगायला लागला. त्यांच्याकडे एकदा सरकार उलथलं, आणि भारतीय वंशाच्या लोकांवर जमाव चालून गेले. जमाव त्याच्याच लोकांचा, बेटावरच्या मूळ रहिवाशांचा. त्याच्या शेजारी आपल्या लोकांतली एक म्हातारी राहायची, तिला तो आजी म्हणायचा. लहानपणी तिच्याच चुलीपाशी जेवलेला. तिचा ऊस जाळला, गाय नेली. सेरू तेव्हा पहिल्यांदा शांतिसेनेतून सुटीवर घरी आलेला होता.

"टोपी खूँटी पे टँगा रहा," तो म्हणाला. "हम खटिया पे बैठा रहा. सब सुना. बाहर नई गया."

आजी गाव सोडून लेकाकडे शहरात गेली. काही वर्षांनी सेरू तिच्या दारी गेला, देवमाशाचा दात घेऊन. त्यांच्यात माफी मागायची तशी रीत आहे. दात पुढे धरायचा आणि मान खाली घालून बसायचं. समोरच्यानं दात घेतला, की माफी झाली.

सेरू सकाळपासून दारात बसला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आजी बाहेर आली. म्हणाली, "धूप में काहे बैठा है? अंदर आओ, रोटी ठंडा होय."

मी विचारलं, "मग दात घेतला तिनं?"

"नई. रोटी दिया."

"मग?"

"हर छुट्टी में जाता है," सेरू म्हणाला. "रोटी खाता है. दाँत वापस लेके आता है."