मॅलकीच्या वतीनं

असम्प्टा टूहीला पक्षाची उमेदवारी मिळाली तेव्हा तिच्या हातात सँडविचचा ट्रे होता.

बालीकॉरनच्या हॉटेलात उमेदवार निवडायची सभा होती. निवडायचं असं काही नव्हतंच. खासदार मॅलकी गॉर्मली चौथ्यांदा उभे राहणार हे त्यांच्या वडलांपासून ठरलेलं होतं. हात वर झाले, टाळ्या झाल्या. मग डब्लिनच्या मुख्य कार्यालयातून आलेला टोकदार बुटांचा माणूस उठला आणि म्हणाला, की देशभरातल्या उमेदवारांत शंभरात चाळीस बायका नसतील तर पक्षाचं सरकारी अनुदान निम्मं होतं, आणि आपल्याला अजून काही कमी पडतायत. या मतदारसंघातून एक द्यावी.

बिअरची जास्तीची दोन पिंपं मागवावीत, अशा सुरात तो बोलला.

"आपल्याकडं बाई कोण आहे?" अध्यक्ष डॉनल हेशन यांनी सभेला विचारलं. सभा छताकडे पाहू लागली.

"असम्प्टा आहे की."

"असम्प्टा बाई आहे होय?" मागून कुणीतरी बोललं आणि हॉटेल हसलं.

"कायद्यापुरती आहे," डॉनल म्हणाले.

असम्प्टानं ट्रे टेबलावर ठेवला. "अंड्याचे डावीकडं, हॅमचे उजवीकडं," ती म्हणाली. "आणि मी उभी राहते."

ती आमच्या शेजारी राहते. बासष्ट वर्षांची, उंच, किंचित वाकलेली. दार उघडताना आधी बाहेरचं आभाळ बघणारी. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसली, खिडकी बंद झाली तेव्हा दिवा मालवून घरी आली. त्यातली अठ्ठावीस वर्षं ती पक्षाच्या शाखेची सचिव होती. म्हणजे इतिवृत्त, चहा, खुर्च्या आणि सदस्यांच्या वाढदिवसांची कार्डं. अध्यक्ष या काळात सात झाले. सातही जण तिला विचारून भाषण करत आणि न विचारता तिच्या कपाटातली बिस्किटं खात.

आमच्या भागात बाईला राजकारणात यायचं तर आधी नवरा मरावा लागे. तोही निवडून आलेला असताना. आजवर पक्षाकडून जिल्ह्यात दोघीच निवडून आल्या, दोघी काळ्या कोटात. असम्प्टानं लग्नच केलं नव्हतं. तिच्यासाठी मरायला कुणी नव्हतं.

तिचं खरं काम मात्र इतिवृत्तात कधी आलं नाही. रोज सकाळी नऊच्या बातम्यांनंतर स्थानिक रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचतात. असम्प्टा पेन्सिल घेऊन बसे. मग गाडी काढून त्या घरी जाई, रांगेत उभी राही, घरच्यांचा हात हातात घेई आणि म्हणे, "वाईट झालं. मॅलकीच्या वतीनं आलेय." नंतर मॅलकीसाठी चिठ्ठी लिही: कोण गेलं, कशानं गेलं, मागं कोण. इथं लग्नाला गेला नाहीत तर लोक विसरतात. मयताला गेला नाहीत तर नातवापर्यंत लक्षात ठेवतात. मॅलकीला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो न चुकता असम्प्टाला पाठवत असे.

आमच्या मतदारसंघातून तिघं निवडून जातात आणि मतदार नावांसमोर पसंतीचे आकडे लिहितो. प्रचाराची वाटणी झाली. शहर आणि मोठा रस्ता मॅलकीला. दलदलीकडची चौदा गावं असम्प्टाला, जिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांना मत नाही. खांबांवर फलक चढले. त्यांवर मॅलकी कमरेपर्यंत होता आणि असम्प्टा पोस्टाच्या तिकिटाएवढी, त्याच्या कोपराजवळ.

"दारात काय बोलायचं ते लक्षात आहे ना?" डॉनलनी विचारलं. "नावासमोर एकचा आकडा मॅलकीला, दोनचा तुला."

"आहे."

"नाहीतर लोक गोंधळतात गं."

मला त्या संध्याकाळी ती कुंपणापाशी भेटली. म्हणाली, "हरले तर हरले. पण मॅलकीच्या वतीनं हरायचं नाही मला. एवढं एकदा माझी मी हरेन."

दारोदार मात्र ती सांगितलं तेच बोलली. शब्द मोडायची तिला सवय नव्हती. पॅकी लोहनच्या दारात मी तिच्याबरोबर होते. म्हातारा पायात एकच बूट घालून बाहेर आला.

"एक मॅलकीला द्या पॅकी, दोन मला."

"मॅलकी कोण?"

"आपले खासदार."

"तो कधी आलता इकडं?"

"मी येते ना त्याच्या वतीनं."

"आई गेली तेव्हा तू आमच्या चुलीपाशी बसून बटाटे सोललेस. तो कुठं होता?"

"कामात होता."

"मग असू दे कामात," पॅकी म्हणाला. "मत तूच घे त्याच्या वतीनं."

तिकडे शहरात मॅलकी उदार झाला होता. प्रत्येक दारात शेवटी म्हणे, "आणि दोन नंबर आमच्या असम्प्टाला हं. बिचारीला जरा बरं वाटेल." लोकांनाही त्याचं मन मोठं वाटलं.

मोजणी क्रीडा सभागृहात. मतपेट्या उघडून कागद सरळ करतात तेव्हा पक्षांची माणसं कठड्यावर ओणवून प्रत्येक कागद वाचतात आणि आपल्या तक्त्यावर रेघ ओढतात. कुठल्या गावानं काय केलं ते निकालाच्या आधीच कळतं. आमच्याकडे हे काम असम्प्टाचं. उमेदवार असून ती सवयीनं पेन्सिल घेऊन कठड्याशी गेली आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पॅकीच्या गावाची पेटी संपली. मॅलकी कॉफी घेऊन आला.

"किती?"

"तुझे अकरा."

"अकराशे?"

"अकरा, मॅलकी. पेटीत दोनशेच होते."

त्यानं तक्ता हातात घेतला. शेजारच्या रकान्यातल्या रेघा दाट पावसासारख्या होत्या. "हे कोणाचं?"

"माझं," ती म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक काढू लागली.

चौदाही गावं तशीच गेली. पाचव्या फेरीत मॅलकी तिच्यामागं दोनशे बारा मतांनी पडला आणि सगळ्यात मागचा म्हणून बाद झाला. बाद झालेल्याचे कागद दुसरा आकडा ज्याला असेल त्याला जातात. शहरातल्या लोकांनी मॅलकीचं ऐकलं होतं. गठ्ठेच्या गठ्ठे असम्प्टाच्या टेबलावर येऊ लागले, बिचारीला बरं वाटावं म्हणून दिलेले, आणि तिसरी, शेवटची जागा तिची झाली.

जिंकलेल्याला खांद्यावर उचलायचा रिवाज आहे. चार गडी पुढं आले आणि थांबले. बाप्या कसा उचलायचा हे त्यांना पाठ होतं. स्कर्टचा विचार पक्षानं कधी केला नव्हता. शेवटी त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. टोकदार बुटांचा माणूस रेडिओला सांगत होता, की बायकांवर पक्षाचा विश्वास पहिल्यापासून आहे.

गुरुवारी सकाळी रेडिओवर पॅकी लोहनचं नाव वाचलं. असम्प्टानं गाडी काढली.

दारातल्या रांगेत तिच्यामागं येऊन उभा राहिला तो मॅलकी. पहिल्यांदाच, काळा टाय लावून.

"पुढच्या वेळची तयारी," तो पुटपुटला. मग आणखी हळू आवाजात, "बायको कुठली यातली?"

असम्प्टानं वळून पाहिलं नाही. "बायको नव्हती. बहीण आहे, नेल. निळं कार्डिगन. कंबर कशी आहे विचारू नकोस, तासभर सांगेल."

तिची पाळी आली. नेलनं तिचे दोन्ही हात धरले. "मॅलकीनं पाठवलं का गं?"

"नाही," असम्प्टा म्हणाली. "माझी मीच आलेय."

"बरं केलंस. मत देऊन आला तेव्हापासून तुझंच चाललं होतं त्याचं."

मग मॅलकी पुढं झाला, हात पुढं केला आणि वाईट झालं म्हणाला. नेलनं चष्म्यावरून त्याला न्याहाळलं, ओळखीचं काही सापडतंय का ते पाहिलं, आणि समजुतीनं म्हणाली, "एवढ्या लांब तू कशाला तसदी घेतलीस रे? असम्प्टा आली आहे ना."