मागच्या सीटवरचे मास्तर

आमच्याकडे धाकट्या सुनेने नवऱ्याच्या मोठ्या भावाशेजारी बसायचं नसतं, मग गाडी शिकायची का असेना. म्हणून माझे भासरे मला गाडी शिकवायला निघाले ते मागच्या सीटवर बसून. त्यांच्यासोबत एकटीने जाणंही बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्या शेजारी त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, अक्का. पुढे माझ्या शेजारी पाण्याचा कॅन. एवढी अक्कल पाजळून आमची गाडी रोज कुरुंद्याबाहेर पडायची.

मला गाडी येणं भाग होतं. कळमनुरीच्या शाळेत नोकरी लागली होती, पण एसटी पोचायची तोवर प्रार्थना संपलेली असायची. दिवाळीनंतर उशीर झाला तर दुसरी बाई बघू, असं मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवरा पुण्यात, त्याची गाडी अंगणात धूळ खात पडलेली. नोकरी गेली असती तर घरात कुणी रडलं नसतं.

शिकाऊ लायसन देताना ऑफिसातल्या माणसाने बजावलं होतं की शेजारी पक्कं लायसन असलेलं, वेळ पडली तर गाडी आवरू शकणारं माणूस बसलं पाहिजे. भासऱ्यांकडे ट्रॅक्टर होता, मिशा होत्या, लायसन नव्हतं. लायसन होतं जावेकडे. माहेरी नांदेडला ती वडिलांची पिकअप चालवायची, लग्नानंतर कुणी हात लावू दिला नाही. अक्काला पुढं बसू द्या, असं मी सुचवलं.

"पुढं दोघी बाया बसल्यावर गावात काय इज्जत राहिली? सांग तिला," भासरे बायकोला म्हणाले.

कारण ते माझ्याशी थेट बोलतही नसत. "तिला म्हणावं ब्रेक दाब." मग अक्का मला सांगायची, "ब्रेक दाब म्हनून राहिले." तोवर शेळी आपल्या नशिबाने रस्ता ओलांडून गेलेली असायची. अशा माणसाच्या हातात माझी नोकरी होती, आणि वर रोज संध्याकाळी पारावर तो माझ्या चुका रंगवून सांगायचा.

एक दिवस नाक्यावर पोलिसाने अडवलं. गाडीवरचा लाल एल पाहून त्याने विचारलं, "शेजारी कोन हाय?"

मी कॅनकडे पाहिलं.

"मी हाय ना मागं," भासरे म्हणाले.

"मागून काय आवरता तुमी? लायसन दाखवा."

भासऱ्यांनी आधार कार्ड काढलं. पोलीस ते उलटसुलट बघत असताना अक्काने पर्समधून आपलं लायसन पुढे केलं.

"ताई, तुमी पुढं बसा. न्हाईतर गाडी इथंच लावा."

कॅन भासऱ्यांच्या मांडीवर गेला. अक्का पुढे आली, पदर खोचला, हात हँडब्रेकजवळ ठेवला आणि हळूच म्हणाली, "क्लच एकदम सोडू नको." त्या दिवसापासून गाडी बंद पडायची थांबली.

दिवाळीआधी मी पक्क्या लायसनची परीक्षा पास झाले. येताना वाटेत गाडी उभी केली आणि किल्ली अक्काच्या हातात दिली. तिने मागे वळून नवऱ्याला विचारलं नाही. कुरुंद्यापर्यंत तिने गाडी अशी आणली की मला माझ्या पास होण्याची लाज वाटली. भासरे मागे कॅन धरून बसले होते.

घरी आल्यावर अक्का चहा ठेवायला आत गेली. भासरे ओट्यावर टेकले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, दोघींलाबी शिकवून टाकलं बघ."