आतून कडी आहे का?

कुठल्याही खोलीत शिरताना ते आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचे. शाळेतल्या माझ्या ऑफिसची भिंतही त्यांनी वाजवली, मगच खुर्चीत बसले. वेवजीचे गवंडी. सीमेच्या इकडे आणि तिकडे गुजरातेतही त्यांनी बांधलेली घरं आहेत. "बाहेरून घर सगळ्यांचंच चांगलं असतं, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांची नववीतली मुलगी आमच्या तलासरीच्या शाळेतून चार आठवड्यांसाठी जर्मनीला जायची होती, तिथल्या एका कुटुंबात राहायला. दिवाळीनंतर त्या कुटुंबातली मुलगी यांच्याकडे येणार होती. या अदलाबदलीची व्यवस्था माझ्याकडे; माझी यादी तेवीस मुद्द्यांची. बावीस मुद्द्यांवर खुणा झाल्या, उरली ती यांची सही. शनिवार शेवटचा दिवस. सही नसेल तर मुलीची जागा जाणार.

कामावर खाडा करून ते तीनदा आले आणि सही न करता गेले. पासपोर्ट शाळेकडे कशाला? त्या घरातला बाप दिवसभर घरी का असतो? तो घरूनच ऑफिसचं काम करतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाही त्या माणसाची शंका येऊ लागली. मी घराचे फोटो दाखवले.

"फोटोत भिंत वाजत नाही," ते म्हणाले. "आपल्यातल्या कोणी पाहिलंय हे घर?"

पोर दोन दिवस कुणाकडे राहायला पाठवायची तरी घरातल्या कोणीतरी आधी जाऊन तिथलं पाणी पिऊन यायचं, ही त्यांच्या घरची रीत.

तुम्हीही असे पालक पाहिले असतील. मी बरेच पाहिलेत, म्हणून वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: 'मुलीचं लग्न ठरवलं असावं. चौकशी करणे.'

शुक्रवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल जोडून दिला. तिकडची आई मोबाइल घेऊन घरभर फिरली. मध्ये मी दुभाषी. यांनी तिला भिंत वाजवायला लावली. तिने हसत वाजवली.

"पोकळ आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. तिकडे आतल्या भिंती अशाच असतात, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. मग त्यांनी खरा प्रश्न काढला.

"पोरीच्या खोलीला आतून कडी आहे का?"

तीन खेपा हेच विचारायचं होतं. मी इंग्रजीत सांगितलं. बाईंचं हसू थांबलं. त्या खोलीत गेल्या, दार लावून आतून किल्ली फिरवली. खट्ट आवाज आम्हाला इथे ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, माझी मुलगी तुमच्याकडे राहील, तिच्या खोलीला आहे का?

मी ते मराठीत सांगितलं. उभा जन्म लोकांच्या घरांना दारांच्या चौकटी बसवणाऱ्या या माणसाच्या आतल्या खोलीला साडीचा पडदा होता.

"नाही," ते म्हणाले. "ती यायच्या आत बसवतो. त्यांना सांगा, बघून मगच पाठवा." आणि पेन मागत मला म्हणाले, "बाई शहाणी आहे."

त्यांनी सही केली. ते गेल्यावर वहीतली ती ओळ मी कागद फाटेपर्यंत खोडली.

मुलगी तिकडे असताना त्यांचा रोजचा फोन फार छोटा असे. "किल्ली फिरव, ऐकू दे." मुलगी वैतागायची, पण फिरवायची. आवाज आला की हे फोन ठेवायचे. दार दिवाळीआधी बसलं, आणि त्यांनी कडी लावून त्या बाईंना फोनवर दाखवली. माझ्या यादीत चोविसावा मुद्दा वाढला.

यंदा ते गेले. मी वेवजीला भेटायला गेले. मुलगी आता कॉलेजात आहे. थोडा वेळ नीट बोलली, मग बोलता बोलता उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मी पिशवी उचलली होती, पण पाय निघेना.

आतून कडी लागली, तेव्हा मी पायऱ्या उतरले.