ढब्बीची पालथी वाटी

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांच्या बाबतीत माझ्याएवढा कोरडा माणूस शोधून सापडणार नाही. दुकानात कुणी म्हणालं की सुनेच्या अंगात आलंय, तर मी आधी थर्मामीटर हातात देतो. घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावला माझं मेडिकल आहे. वीस वर्षं झाली. पुढे दुकान, मागे घर. त्यामुळे औषधातलं आपल्याला सगळं कळतं अशी एक गुर्मी अंगात मुरलेली... ती होती म्हणूनच हे घडलं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि नववीतली पूजा. माझी बायको रेखा दोन वर्षांपूर्वी गेली. आणि हो, ढब्बी. ही आमची मांजर, रेखानंच पाळलेली. नाव जाडीवरून पडलं. आई गेल्यापासून पूजा माझ्याशी कामापुरतंच बोलते, बाकी सगळं ढब्बीशी. शाळेत कोण काय म्हणालं ते मला कळतं, कारण मी दाराआड उभा राहून ऐकतो. बापाला असंही करावं लागतं.

तर गेल्या वर्षी ढब्बीनं दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही. कान गरम, अंग चुलीजवळच्या विटेसारखं. बाजाराचा दिवस, दुपारचे साडेबारा. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला तर उचलेनात, कुठल्या तरी वाडीवर म्हैस अडली होती म्हणे.

पूजा रडवेली झाली. "पप्पा, हिला काही झालं तर मी काय करू?"

"काही होत न्हाई," मी म्हणालो. "साधा ताप आहे. मी काय नुसत्या बाटल्या विकून राह्यलो का इतके वर्ष?"

लेकरांना वजनावर डोस देतात, तसा मी हिशोब लावला. तापाची गोळी घेतली, अर्धी मोडली, कुटली, वाटीभर दुधात कालवली. वाटी ढब्बीपुढे ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून काउंटरवर आलो. स्वयंपाकघराला दुसरी वाट नाही. आत जायचं तर माझ्या खुर्चीजवळूनच जावं लागतं, आणि खिडकीला पक्की जाळी आहे. पूजा माझ्याशेजारी बसून गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होती.

दहा मिनिटांनी आत गेलो. फरशीवर दूध नाही, वाटी नाही. वाटी ओट्यावर होती, डाव्या कोपऱ्यात, घडी घातलेल्या निळ्या रुमालावर, धुऊन पालथी. ढब्बी खाली बसून ओट्याकडे मान वर करून बघत होती. तिच्या मिशा कोरड्या.

"वाटी तू धुतली का?"

"मी तर इथंच आहे ना पप्पा."

खरंच होतं. मला वाटलं, गर्दीच्या नादात मीच दूध ओतलं असेल, वाटी विसळली असेल. माणूस स्वतःला काहीही पटवतो. उरलेली अर्धी गोळी कुटली, पुन्हा दूध, पुन्हा वाटी. या वेळी दाराला बाहेरून कडी घातली आणि कडीला पाठ टेकूनच उभा राहिलो. पूजा समोर, माझ्या नजरेसमोर.

आतून नळाचा आवाज आला.

मंडळी, टाकी सकाळपासून रिकामी होती. पिण्याचं पाणी आम्ही ड्रममधून तांब्यानं घेत होतो. मी कडी काढली. नळ कोरडाठाक. वाटी रुमालावर पालथी, आणि तिच्या बुडावरून पाण्याचा थेंब ओघळत होता.

भीती वाटली म्हणू का? नाही वाटली. राग आला. "कोण थट्टा करून राह्यलं?" असं मी रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडलो आणि नवीन गोळी आणायला वळलो. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर.

"मिस कॉल होता भाऊ तुमचा."

"मांजरीला ताप आहे साहेब. तापाची अर्धी गोळी देऊन राह्यलो..."

"ओ भाऊ, थांबा! दिली का?"

"न्हाई. पोटात गेली न्हाई अजून."

"बिलकुल देऊ नका! माणसाची ती गोळी मांजराला जहर असती. अर्धी बी लई झाली. तिचं रक्त बिघडतं, संध्याकाळपर्यंत खेळ खलास. मी आलोच."

मी काउंटरच्या मागे खालीच बसलो. ती गोळी मी दिवसातून पन्नास जणांना देतो.

डॉक्टर आले. शेपटीच्या बुडाशी बोक्यानं चावल्याची जखम निघाली, आत पू. साफ केली, इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी ढब्बी दुधावरची साय चोरताना सापडली. पूजा तिला रागावली आणि मग माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी हसली, मला सांगता येणार नाही.

आता वाटीचं. पूजा लहान असताना ती शिंकली तरी मी गोळी कुटायचो. रेखाला पटलं नाही की ती भांडायची नाही. वाटी ओतून, धुऊन, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात रुमालावर पालथी घालायची. म्हणजे, द्यायचं न्हाई. ती गेल्यापासून आमची भांडी रॅकमध्ये असतात. निळा रुमाल मी स्वतः तिच्या साड्यांबरोबर कपाटात ठेवला होता.

लोकांना विचारलं. कुणी म्हणालं उंदीर, कुणी म्हणालं तुमच्या डोक्यावर ताण होता. असेल. मला अजून उलगडा झालेला नाही, आणि तुमच्यापैकी कुणी केला तर मी ऐकून घेईन.

मला छळतं ते वेगळंच. रेखाला ताप आला तेव्हा चार दिवस मीच गोळ्या दिल्या. म्हणालो, साधा ताप आहे. पाचव्या दिवशी जालन्याला नेलं, तोवर उशीर झाला होता. त्या चार दिवसांत रोज रात्री मी गोळी कुटून वाटी तिच्या हातात द्यायचो, आणि माझ्याकडे बघत ती निमूट पिऊन टाकायची. स्वतःची वाटी तिनं एकदाही पालथी घातली नाही.