गोडाऊनची विषारी माती आमच्याच विहिरीपाशी

गाववाल्यांनो, बंद पडलेल्या केमिकलच्या गोडाऊनखालची माती एकदाची उचलतायत, म्हणून सकाळपासून मीच या ग्रुपवर डंपरचे फोटो टाकत होते. तुम्ही टाळ्याही वाजवल्या. आता पुढचं वाचा.

दुपारी शेवटचा डंपर निघाला, मी स्कूटीवर त्याच्या मागेच होते. ही माती लांब, विषारी कचऱ्याच्या डेपोत जायची होती. डंपर हायवेला न लागता आमच्या आळीत वळला.

आमच्या जागेत माझे काका उभे राहून त्याला मागे घेत होते. "येऊ दे, येऊ दे, अजून मागं."

मी ओरडलेच. काका म्हणाले, "अगं, नवीन गोडाऊन बांधाचाय, भराव नको? फुकट माती भेटते, कोन सोडंल? मीच डायवरला बोललो, लांब कशाला जातोस, इथंच खाली कर."

त्यांच्या मागे दहा पावलांवर आमची विहीर आहे. अख्खी आळी तिचं पाणी पिते. पाण्याला वास येतो म्हणून आपण अर्ज केला, त्यावर पहिली सही काकांचीच होती.

मी म्हटलं, "काका, जरा वाकून या मातीचा वास घ्या."

त्यांनी मूठभर माती उचलून हुंगली. "विहिरीच्या पान्याचा हाच वास हाय गं. सकालपासून हा तिसरा डंपर."

आमच्या विहिरीचं पाणी आज कोणी भरू नका.

आणि माझ्या फोटोंत सात डंपर आहेत. उरलेले चार कोणाच्या जागेत खाली झाले?