बिनशेवयांचं पातेलं

माझा गुरुवारचा उपास बावीस वर्षांचा आहे. तापात मोडला नाही, बाळंतपणात मोडला नाही. तो मोडायची वेळ आणली कोणी, तर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या एका जर्मन पोरीनं.

ती राहायची भवानी पेठेत, माझ्याच घराच्या वरच्या खोलीत. स्वयंसेविका होती, म्हणजे पगार नव्हता, पण हात काही गप्प बसत नव्हते. गच्चीत वाळत घातलेले माझे सांडगे तिनं कचरा समजून झाडून टाकले होते. ते मी गिळलं. पाहुणी पडली ना!

त्या वर्षी रमजान ईद नेमकी गुरुवारी आली. शेजारच्या चाचींकडचा शीरखुर्मा मी एकाही ईदला चुकवलेला नाही. पण शेवया उपासाला चालत नाहीत, आता काय करायचं? मी ठरवलं, जायचं, गळाभेट घ्यायची, डोकं दुखतंय म्हणायचं आणि सटकायचं.

पण चाची माझ्याही वरचढ. महिनाभर रोजे करून गळून गेलेली ती बाई पहाटे उठून दोन पातेली चढवून बसली होती. मोठं सगळ्यांसाठी. लहान एकट्या माझ्यासाठी, बिनशेवयांचं, नुसतं दूध, खजूर, बदाम आणि चारोळी. "टीचर, तुमचा गुरुवार हाय न्हवं? मला याद हाय की," दारातच म्हणाल्या. डोकेदुखीची थाप मी तिथंच सोडली.

मी बाहेर पंख्याखाली बसले. माझ्याबरोबर आलेली पोरगी नवाकोरा कुडता घालून घरातल्या सगळ्या बायकांच्या तीन-तीनदा गळ्यात पडून आली. तेवढ्यानं तिचं समाधान होईना. "मी मदत करते!" म्हणत ती स्वयंपाकघरात घुसली.

दोन मिनिटांत आतून चाचींची आरोळी आली. "या अल्ला! ये क्या करी गे तू!"

लहान पातेल्यात शेवया नाहीत, म्हणजे चाची विसरल्या, असं त्या शहाणीला वाटलं. तिनं परतलेल्या शेवयांचं अख्खं ताट त्यात रिकामं केलं होतं. वर छान ढवळलंही होतं.

मग काय गोंधळ झाला म्हणता! चाची त्यातलाच वाटीभर शीरखुर्मा आणि चहाची गाळणी घेऊन बाहेर आल्या. गाळलेलं दूध चालतं का, असं मला विचारायला लागल्या. मला काय माहीत, असा प्रसंग कुठल्या पोथीत आलाय? पोरगी रडत रडत चमच्यानं एकेक शेवई बशीत काढत होती आणि मराठीत मोजत होती. तिला आकडे वीसपर्यंतच येत होते, त्यामुळे वीस झाले की पुन्हा एकपासून.

शेवटी मीच उठले. "आणा ती वाटी इकडं. मोडला तर मोडला!" खरं सांगते, मनापासून म्हणाले. एवढ्या मायेपुढं उपासाची वर्षं काय घेऊन बसायचं?

चाचींनी वाटी धरली. "नक्को! मेरे घर में तुमारा उपास नै तुटना!" मी ओढली, त्यांनी ओढली, वाटी उडाली आणि सगळा शीरखुर्मा पोरीच्या नव्या कुडत्यावर. आधी चाची हसल्या, मग मी, मग नाक ओढत ती. चाचींनी रोजा सोडायला आणलेल्यातले उरलेले तीन खजूर माझ्या हातावर ठेवले. "झाली की ईद," म्हणाल्या.

"ते लहान पातेलं सगळ्यांच्या घरी करतात का?" पोरीनं विचारलं.

मी तिचा कुडता पुसत होते, डोकं फिरलेलं होतं. "व्हय तर! नियमच हाय तसा," म्हणून टाकलं.

यंदाच्या ईदला जर्मनीहून फोटो आला. शेगडीवर दोन पातेली. मोठ्यात शेवया, लहानात नाहीत. मी लिहिलं, "अगं बाई, यंदा ईद गुरुवारी नाही. आणि तिथं उपास कोण करतंय?"

तिचं उत्तर आलं, "कोणीच नाही, ताई. पण नियम आहे ना. शेजारचं कोणी उपासाचं आलं तर?"

मी फोन घेऊन तशीच चाचींकडे धावले. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. चाचींनी चष्मा लावला, फोटो मोठा करून नीट पाहिला, ओढणीनं डोळे पुसले.

"चारोळी कुटं दिसंना ह्याच्यात," म्हणाल्या.