डिझेलवर लागलेले सौर दिवे

मांजलपूरच्या राजेश्वरी मोहितेला खोटं पचत नसे. संस्थानी फौजेत नोकरी केलेल्या घराण्यातली ही मुलगी इंजिनियर झाली आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उदयसिंहरावांच्या कंपनीत लागली. परदेशी भागीदार मिळावा म्हणून साहेबांनी करजणजवळ एक नमुन्याचा प्रकल्प उभारायला घेतला होता. दिवसा आरशांनी ऊन एकवटायचं, टाकीतला क्षार वितळवायचा आणि सूर्य मावळल्यावर त्या धगधगत्या रसावर पाणी उकळून वाफेनं टर्बाइन फिरवायचं. क्षार खाण्याचा नव्हे, खतात घालतात तसला. उष्णता धरून ठेवणारा.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी आभाळ आलं. नळीत क्षार थिजून दगड झाला. राजेश्वरीनं कार्यक्रम पुढे ढकला म्हणून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि पाहुण्यांच्या जेवणाकडे बघायला तिला पिटाळलं.

संध्याकाळी मंडप भरला. सूर्य बुडाला तसा भिंतीमागून धडधड आवाज सुरू झाला आणि डिझेलचा धूर नाकात शिरला. जनरेटर! राजेश्वरीनं लगेच ओळखलं.

"या बेन, तुमच्या हातानं बटण दाबा," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

"माझा हात नाही लागणार," ती म्हणाली.

साहेब हसले, मुलगी लाजते म्हणाले आणि बटण एका पाहुण्याकडून दाबून घेतलं. दिवे लागले, टाळ्या कडाडल्या. कुणीतरी तिच्या तोंडात पेढा कोंबला. तिनं शेडमागे जाऊन तो थुंकला. नळाखाली कितीदा चूळ भरली तरी ती ओशट गोडी जिभेवरून हलेना. वास सगळ्यांनाच आला असणार आणि तरी सगळे टाळ्या पिटत होते, याचीच तिला जास्त किळस आली.

दुसरा कुणी तेव्हाच निघून गेला असता. ती थांबली, कारण टाकी खोटी नव्हती. फिटर हिंमतरावांना हाताशी धरून तिनं बंद नळ्या कापल्या, नव्या बसवल्या, त्यांना गरम ठेवणाऱ्या तारा गुंडाळल्या. थंडीतल्या एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, टर्बाइन फिरलं. शेडमधले दिवे दिवसभराच्या उन्हावर लागले. हिंमतराव हात जोडून उभे राहिले.

तिनं साहेबांना फोन केला.

"आता कुणाला सांगणार, बेन?" ते शांतपणे म्हणाले. "आपले दिवे तर तेव्हाच लागलेत. परत लागले म्हटलं, तर आधी काय होतं ते विचारतील. टाकी थंड करा."

एवढ्या खऱ्या गोष्टीवरही त्या माणसानं आपला मळका हात फिरवला, असं तिला वाटलं. आनंद आलाच नाही, नुसता वीट आला. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. वडील जगदेवराव एवढंच म्हणाले, "बरं केलंस. जेवून घे."

साहेबांना परदेशी भागीदार मिळाला, पण फरशांच्या धंद्यासाठी. आरसे निघाले, शेडचं गोदाम झालं. राजेश्वरी पॉलिटेक्निकात शिकवू लागली. कंपनीच्या माहितीपत्रकात उद्‌घाटनाचा फोटो बरीच वर्षं छापून येई. कुणी कौतुकानं पुढे केला की ती तो पालथा घालून ठेवी.

साठवलेल्या उन्हावर खरंच वीज होते का, असं मुलं विचारत. ती म्हणे, "होते. मी केलीय." कुठे, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.